नॉर्दर्न सोल आणि स्कूटर यांच्या नादात वाढलेल्या तरुणाचे आयुष्य प्रत्यक्षात कसे होते?

आपण विचारले आहे की १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या ज्या मुलांना नॉर्दर्न सोल नावाच्या नृत्यसंगीताचे आणि स्कूटरचे वेड लागले होते, त्यांचा आठवडा कसा जात असे आणि हे दोन छंद एकमेकांना चिकटले कसे. ती केवळ कपड्यांची टूम होती का, असेही आपण शेवटी जोडले आहे. टूम नव्हती, हे आधी सांगून टाकतो. माझे बालपण आणि तारुण्य लँकेशायरमधल्या बोल्टनला गेले. बाबा तेथे डॉक्टर होते, घरात मराठीच बोलली जात असे, आणि १९७६ च्या शरद ऋतूपासून पुढची आठ-नऊ वर्षे मी या दोन्ही नादांत पुरता बुडालेला होतो.

नॉर्दर्न सोल या नावाने पुष्कळांचा गैरसमज होतो, कारण यातले संगीत उत्तर इंग्लंडचे नाहीच. १९६० च्या दशकाच्या मध्यावर डेट्रॉइट, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस अशा अमेरिकन शहरांतल्या, बहुतांशी कृष्णवर्णीय गायकांनी छोट्या-मोठ्या कंपन्यांसाठी ध्वनिमुद्रित केलेली ही द्रुत लयीची गाणी आहेत. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या यशाने भारावून त्याच चालीवर रचलेली, पण तिकडे न खपलेली. डेव्ह गॉडिन नावाच्या संगीत-पत्रकाराचे लंडनला रेकॉर्डचे दुकान होते. फुटबॉलच्या सामन्यांसाठी उत्तरेकडून येणारी मुले नवे काही न घेता जुन्या, वेगवान तबकड्याच मागतात, हे त्यांच्या लक्षात आले, आणि अशा गिऱ्हाइकांसाठी वेगळा काढून ठेवायचा माल म्हणून त्यांनी हे नाव पाडले. १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकातल्या त्यांच्या स्तंभातून ते सर्वत्र झाले. म्हणजे 'नॉर्दर्न' हा शब्द गाणाऱ्यांचा नसून ऐकणाऱ्यांचा आहे, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

न खपलेली गाणीच का, हा प्रश्न बाबाही मला विचारत. त्याचे उत्तर असे की जे गाणे रेडिओवर वाजत होते ते सर्वांचे होते, आणि जे कुणीच ऐकले नव्हते ते शोधून काढणाऱ्याचे होते. चांगला डीजे म्हणजे आमच्या लेखी आधी शोधक होता. रिचर्ड सर्लिंग यांना १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ग्लोरिया जोन्स यांची 'टेन्टेड लव्ह' ही न खपलेली तबकडी सापडली, उत्तरेकडच्या नृत्यगृहांत ती गाजली, आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने तेच गाणे नव्याने गाऊन ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिले स्थान मिळवले. फ्रँक विल्सन यांच्या १९६५ च्या 'डू आय लव्ह यू' या तबकडीच्या जवळजवळ सर्व प्रती कंपनीनेच नष्ट केल्या होत्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. आम्ही ते गाणे प्रथम ऐकले तेव्हा गायकाचे नाव एडी फॉस्टर असे सांगितले जात होते. डीजे मंडळी मूळ लेबलावर कोरा कागद चिकटवीत आणि खोटे नाव सांगत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला माग लागू नये. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून पडद्याआड रियाज करणाऱ्या गवयांच्या गोष्टी आईने सांगितलेल्या होत्या, त्यामुळे मला यात काही विचित्र वाटले नाही.

आता आठवड्याकडे येतो. सोमवार ते शुक्रवार शाळा किंवा काम. माझा सर्वांत जवळचा मित्र सूतगिरणीत लागला होता. गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या आणि आपली पाळी कधी येते याची तो वाट पाहत होता. (माझे आजोबा परळच्या गिरणीत होते आणि तेथल्या यंत्रांवर ओल्डहॅमच्या कारखान्याचे नाव कोरलेले असे. हे मी त्याला सांगितले तेव्हा त्याचा विश्वासच बसला नाही.) मी शनिवारी दिवसभर बाजारातल्या एका गाळ्यावर काम करीत असे आणि मिळालेल्या पैशांतून प्रवासभाडे, प्रवेशाचे तिकीट आणि एखादी तबकडी असा हिशेब बसवीत असे. संध्याकाळी पिशवी भरायची: दोन बनियन, एक कोरडा शर्ट, टॉवेल, टाल्कम पावडरचा डबा आणि चामड्याच्या तळव्याचे बूट. रुंद पायघोळ विजार अंगावर असे. पिशवीवर ठिकठिकाणच्या रात्रींची कापडी पदके शिवलेली असत, आणि त्यांत काळी मूठ (कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीची खूण) आणि 'श्रद्धा सोडू नका' अशा अर्थाचे शब्द असलेले पदक बहुतेकांकडे असे. मग रात्रीच्या शेवटच्या गाडीने जवळच्या विगन गावी, तेथल्या कॅसिनोत.

नाव कॅसिनो असले तरी त्याला जुगाराशी काही घेणे नव्हते. ते एक जुने, झिजलेले नृत्यगृह होते. २३ सप्टेंबर १९७३ रोजी डीजे रस विन्स्टनली यांनी तेथे रात्रभर चालणारा सोल नृत्याचा पहिला कार्यक्रम भरवला. आमची रात्र मध्यरात्र उलटल्यावर सुरू होई आणि सकाळी ८ वाजता संपे. दारू मिळत नसे, आणि तिची उणीव कुणाला जाणवतही नसे. स्टेशन रोडवर दार उघडण्यापूर्वी जी चेंगराचेंगरी होई, तीत पाय जमिनीवरून सुटत. आत गेल्यावर प्रथम ऊब आणि घामाचा वास अंगावर येई; छतावर साचलेली वाफ थेंब थेंब गळत असे. लाकडी जमिनीवर कुणीतरी पावडर भुरभुरलेली असे आणि तिच्यावरून बूट असे सरकत की पाय उचलावाच लागत नसे. मुले जोडीने नाचत नसत. प्रत्येक जण आपल्या हातभर जागेत एकटा, नजर कुठेतरी दूर, आणि तरीही गाण्यातल्या ठराविक ठिकाणी हजारांवर माणसे एकाच क्षणी एक टाळी वाजवीत. ती टाळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी थबकलो होतो. समेवर मान हलवणारी मैफल मी घरच्या रेकॉर्डवर ऐकलेली होती, येथे पुरे सभागृह समेवर येत होते.

गिरकी शिकायला मला चार महिने लागले. आमच्या स्वयंपाकघरातल्या लिनोलियमवर मी सराव करीत असे. पुढचा पाय रोवायचा, खांदे आधी वळवायचे, कंबर मागून येऊ द्यायची, आणि थांबताना ठोक्यावरच थांबायचे. पाठीवर पडून उसळून उठण्याचा प्रकार मला कधी साधला नाही, पण पायांच्या कामाला लोक वळून पाहत, आणि सोळाव्या वर्षी एवढे मिळाले की माणूस आठवडाभर त्यावर जगतो. शेवटी नेहमी तीच तीन गाणी लागत. जिमी रॅडक्लिफ, टोबी लिजेंड आणि डीन पॅरिश यांच्या त्या तीन तबकड्यांना 'आठच्या आधीची तीन' म्हणत. मग उन्हात डोळे चोळत सगळे बाहेर.

या रात्रींची काळी बाजू झाकून उत्तर देणे बरे नव्हे. जागे राहण्यासाठी ॲम्फेटामाइनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जात, औषधांची दुकाने फोडली जात, पोलिसांच्या झडत्या होत, आणि माझ्या ओळखीतली दोन मुले त्यातून कधी नीट सावरली नाहीत. बाबांना हे सारे ठाऊक होते, कारण अशी मुले त्यांच्यापुढे तपासणीच्या टेबलावर येत. पहिल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी ८ वाजता ते न सांगता मोटार घेऊन विगनला आले. मी गाडीत बसल्यावर त्यांनी माझा चेहरा हनुवटीला धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, मनगट धरून नाडी मोजली आणि एक शब्द न बोलता गाडी सुरू केली. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारले, "नाचून एवढा घाम येतो?" मी हो म्हटले. त्यानंतर त्यांनी मला जायला कधी मनाई केली नाही, आणि मी कधी गोळी घेतली नाही.

स्कूटर मी सतराव्या वर्षी घेतली. त्या काळी त्या वयात शिकाऊ परवान्यावर २५० सीसीपर्यंतचे वाहन चालवता येत असे. माझी लँब्रेटा एलआय १५० होती, एका शेडमध्ये कोळशाच्या पोत्यांखाली पडलेली, २५ पौंडांना मिळालेली. मिलानच्या इनोचेंती कंपनीने १९७१ मध्ये लँब्रेटा बनवणे थांबवले होते. ज्याच्याकडे चार पैसे आले तो छोटी मोटार घेत होता, आणि इंग्लंडभर स्कूटरी अंगणांत गंजत पडल्या होत्या. ती ढकलत घरी आणली तेव्हा आई दारात आली, पदर खोचून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अरे, ही तर दादामामाची गाडी." मुंबईला भांडुपच्या कारखान्यात लँब्रेटा तयार होत असे आणि मामाकडे तशी एक होती. आई साडी सावरून मागच्या सीटवर एका अंगाला बसली, स्टेपनीला हात लावून पाहिला आणि उतरली. रस्त्यावरच्या सगळ्या बायका पाहत होत्या. त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या मामांनी बजाजसाठी नाव नोंदवले होते आणि वर्षानुवर्षे ते रांगेत होते. तिकडे जी वस्तू मिळता मिळत नव्हती ती इकडे कोळशाखाली पडलेली, हे आईला फार लागले.

दोन छंद एकत्र कसे आले, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर यातच आहे. इतिहास पाहता मॅंचेस्टरच्या ट्विस्टेड व्हील क्लबात १९६० च्या दशकात जी मॉड मुले, म्हणजे नेटके कपडे, सोल संगीत आणि स्कूटर यांचा षौक असलेल्या पंथातली मुले, जमत, त्यांच्याकडून सोल संगीत आणि स्कूटर या दोन्ही गोष्टी आमच्या पिढीकडे आल्या. पण वारसा टिकतो तो त्यात काही जिवंत असेल तरच. आमची गाणी न खपलेली होती आणि आमची गाडी बंद पडलेल्या कारखान्याची होती. दोन्ही गोष्टी जगाने टाकून दिलेल्या, दोन्ही शोधाव्या लागत, आणि दोन्ही आपल्या हातांनी जपाव्या लागत. गिरण्या बंद पडणाऱ्या गावातल्या मुलांना त्यांची ओढ का वाटली असेल, हे मला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१९७९ मध्ये मॉडांवरचा एक चित्रपट गाजला आणि स्कूटरवाल्यांची संख्या एकाएकी वाढली. ईस्टर आणि ऑगस्टच्या सुट्टीत समुद्रकाठच्या गावांत रॅली भरत, आणि रात्री तेथेही सोलच वाजे. बोल्टनहून स्कार्बरो सुमारे १२० मैल. पेनाइन डोंगर ओलांडताना पाऊस हमखास लागे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन केव्हा पकडेल याचा नेम नसे, म्हणून डाव्या हाताची दोन बोटे सतत क्लचवर ठेवायची सवय लागली. मागचे चाक अडकल्याक्षणी क्लच दाबला नाही तर माणूस रस्त्यावर. एकदा यॉर्कच्या पुढे माझी क्लचची केबल टोकाशी तुटली. गोठलेल्या बोटांनी हँडलचा वरचा भाग उघडून, तोंडात छोटी टॉर्च धरून, जुनी केबल ओढता ओढता तिच्याच शेपटाला बांधून नवी आत सरकवली, तोवर आमच्या स्कूटर क्लबातले बाकीचे सातही जण आपापली स्कूटर बंद करून पावसात उभे होते. एकाला सोडून कुणी पुढे जायचे नाही, हा आमचा नियम होता.

त्याच प्रवासात किनाऱ्यावरच्या एका खाणावळवजा निवासात आमच्या खोल्या ठरलेल्या होत्या, आणि मला पाहिल्यावर एक खोली कमी असल्याचे सांगण्यात आले. दोघे मित्र माझ्याबरोबर बाहेर पडले, बाकीचे पाच आतच राहिले. आम्ही तिघे बसथांब्याच्या आडोशाला झोपलो. त्या रॅलींत डोके भादरलेल्या मुलांच्या टोळ्याही असत आणि वर्णद्वेषी घोषणाही ऐकू येत. ज्यांच्या कोटावर काळ्या मुठीचे पदक, ज्यांच्या ओठांवर कृष्णवर्णीय गायकांची गाणी, त्यांच्यापैकीच काहींना माझ्या रंगाचे वावडे असावे, याचा उलगडा मला आजही होत नाही. कॅसिनोच्या जमिनीवर मात्र मला कुणी कधी हटकले नाही, हेही तितकेच खरे आहे.

कॅसिनो ६ डिसेंबर १९८१ रोजी बंद झाला, पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली आणि नंतर ती पाडली गेली. मी १९८५ मध्ये पुण्यास येताना बहुतेक तबकड्या विकल्या, त्यातल्या ११ ठेवल्या, आणि स्कूटर गिरणीतल्या मित्राला दिली. तो आजही ती चालवतो. इनोचेंतीची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेऊन लखनौला कारखाना उभा केला होता, त्यामुळे लँब्रेटाला लागू पडणारे सुटे भाग इकडे अजून सापडतात. दर वर्षी त्याची यादी येते आणि मी ती घेऊन नाना पेठेतल्या एका जुन्या दुकानात जातो. या वर्षी त्याने क्लच प्लेटांचा एक संच आणि गिअरच्या दोन केबल मागवल्या आहेत.