माळ्यावरचं कॅसेटचं खोकं: काय न्यायचं, काय ठेवायचं

दादर-गिरगावातली जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की माळा रिकामा होतो, आणि हमखास एक खोकं खाली येतं: आईच्या नाहीतर बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या रॉकच्या कॅसेट. तुम्ही परदेशातून तीन आठवड्यांसाठी आलेले, सामानाचं वजन ठरलेलं. सगळं नेणं जमत नाही आणि टाकायला जीव होत नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या विकतच्या कॅसेट डिजिटल करत बसू नका. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हा कव्हरं जरूर जपा. पण त्यातले बहुतेक अल्बम आज जास्त चांगल्या आवाजात मिळतात. जपायच्या त्या हाताने भरलेल्या टेप. मित्राच्या डेकवर उतरवलेली गाणी, रेडिओवरून टिपलेली, कॉलेजच्या बँडची तालीम, किंवा १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या संगीत महोत्सवाला धोबीतलावच्या रंगभवनात मांडीवर रेकॉर्डर ठेवून भरलेलं काही. यांची दुसरी प्रत कुठेच नसते. दोन गाण्यांच्या मधे आजीची 'जेवायला या' अशी हाक असेल, तर ती टेप सगळ्यात आधी.

लगेच वाजवू नका. कॅसेट खिडकीच्या उजेडात धरा. टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, मुंबईच्या पावसाळ्यांची देणगी. अशी टेप चांगल्या डेकमध्ये घातली की बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती सिलिका जेलच्या पुडीसकट वेगळ्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराकडेच द्या.

मग कॅसेटच्या खालच्या कडेला मधोमध बघा. तिथे पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टची इवलीशी गादी असते. ती टेपला हेडवर दाबून धरते. गोंद सुकून ती गळाली की आवाज येतो-जातो आणि माणसाला वाटतं, रेकॉर्डिंगच खराब आहे. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर दोन्ही रिळं तशीच उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवा. कवच चिकटवलेलं असेल तर सांध्यावर पातळ सुरीने हळू उघडावं लागतं. तुटलेल्या टेपला सेलोटेप कधीच लावू नका; त्याचा डिंक पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटतात. त्यासाठी स्प्लायसिंग टेप वेगळी मिळते.

वाजवण्याआधी वरच्या कडेच्या दोन्ही टोकांना असलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून पुसलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. सी-९० ची (९० मिनिटांची) टेप सी-६० पेक्षा पातळ असते, तिला ताण सोसत नाही, म्हणून अडकली तर बटण दाबत राहू नका, षटकोनी पेन्सिलीने फिरवा.

डेकचे पट्टे सैल झाले असतील तर लॅमिंग्टन रोडवर विचारा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा, दर चार-पाच कॅसेटनंतर पुन्हा. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून झांजा सर्वात लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला वेगळं करावं लागतं, कारण ती वेगवेगळ्या डेकवर भरलेली असते. कंटाळवाणं आहे, पण खरा फरक इथेच पडतो.

लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर घालू नका. आवाज बहुधा मोनो होतो आणि फाटतो. लाइन-इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी छोटी डबी, घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि ड्रम सर्वात जोरात वाजतात तिथे पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ४५ मिनिटांच्या एका बाजूला साधारण ७८० एमबी लागतात. मूळ फाइलवर खरखर काढण्याचे प्रयोग नकोत, ते प्रतीवर करा.

कॅसेट हातसामानातच न्या. विमानतळाच्या एक्स-रेने टेप बिघडत नाही. स्पीकरच्या चुंबकाने बिघडते, तेव्हा स्पीकर दुसऱ्या बॅगेत टाका. कव्हरांवरचं हस्ताक्षर आधी फोनने टिपून घ्या.

मुंबईत आईबाबांना ३२० केबीपीएसची एमपीथ्री करून पाठवा. एक बाजू साधारण १०८ एमबी होते, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून जाते. गाणी सुटी कापू नका. अख्खी बाजू पाठवा, मधल्या हाकांसकट.