वसई-विरारचं घर: सीसी, टाकी आणि भरती

प्रश्न: नालासोपारा पूर्वेला वन-बीएचके बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळतोय. बिल्डरने सीसीची (बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीची) झेरॉक्स दाखवली, ओसी (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) 'येईल' म्हणतो. कर्ज मात्र बँकेऐवजी पतपेढीतून करून देणार आहे. घ्यावं का?

कर्ज पतपेढीतूनच, ही पहिली खूण. बँकेचा वकील टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी, करतो आणि कागद कच्चे निघाले की फाइल परत येते. बिल्डरला ते आधीच ठाऊक असतं.

झेरॉक्सला किंमत नाही. तिच्यावरचा जावक क्रमांक आणि तारीख टिपा आणि त्याच क्रमांकाची प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून मागवा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. या भागात बनावट सीसी-ओसीवर इमारती उभ्या राहिलेल्या आहेत, आणि शिक्के हुबेहूब असतात, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. प्रत हाती आली की सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सातबारा, सीसी आणि करार या तिन्हींवर ताडून पाहा. मग मजले मोजा. परवानगी तळ अधिक तीनची आणि जागेवर तळ अधिक पाच, हा इथला नेहमीचा प्रकार. स्वस्तात विकायला असतात ते बहुधा वरचे दोन.

परवानगी कोणाची आहे, तेही पाहा. १९९० पासून या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे, म्हणजे राज्य सरकारच्या शहर नियोजन महामंडळाकडे, होतं. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली, आणि २०१० मध्ये बांधकाम परवानग्या तिच्याकडे आल्या. तेव्हा २०१३ ची इमारत आणि हातात महापालिकेत गेलेल्या गावाच्या ग्रामपंचायतीचा दाखला, असं असेल तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

'रजिस्ट्रेशन झालंय' या वाक्यावर भुलू नका. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही. शेवटी विकास आराखड्यावर आरक्षण तपासा. नालासोपारा पूर्वेच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. तिथली काही जमीन सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखीव होती. त्या घरांत माणसं कित्येक वर्षं राहत होती.

थोडक्यात, ओसी हातात येईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.

प्रश्न: आम्ही दरवर्षी घरपट्टी भरतो, पावतीवर 'शास्ती' असते. म्हणजे इमारत नियमित झाली ना?

नाही. शास्ती, म्हणजे दंड, थकबाकीची नसेल तर ती अनधिकृत बांधकामाची असते. घरपट्टी किंवा शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, त्यामुळे ती पावती पुरावा म्हणून जपून ठेवाल तर ती तुमच्याच विरुद्ध बोलेल.

प्रश्न: सूर्या धरणाचं पाणी वाढलं म्हणतात, पण आमच्या ४० सदनिकांच्या सोसायटीत एक दिवसाआडच येतं. टाकी केवढी हवी? टँकरचं पाणी प्यावं का?

सूर्याच्या जुन्या दोन टप्प्यांतून १००-१००, उसगाव धरणातून २० आणि पेल्हार धरणातून १० दशलक्ष लिटर, असा रोजचा जुना हिशेब २३० चा. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नव्या सूर्या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा. पण धरणापासून मुख्य टाकीपर्यंत आलेलं पाणी तुमच्या गल्लीतल्या जुन्या, अरुंद लाइनमधूनच यायचं असतं. टोकाच्या सोसायटीला दाब मिळत नाही तो त्यामुळे.

आकडेमोड सोपी आहे. ४० घरं, घरटी साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर: रोज २४,३०० लिटर. दिवसाआड पाणी म्हटलं की ४८,६०० लागतात, म्हणजे भूमिगत आणि गच्चीवरची मिळून निदान ५०,००० लिटर साठवण हवी. ती नसेल तर १०,००० लिटरचा टँकर चुकत नाही. दाब नाही म्हणून मुख्य लाइनला थेट मोटर लावणारे बरेच आहेत. ते बेकायदा आहेच, शिवाय मोटरच्या ओढीने लाइनमध्ये पोकळी होते आणि जिथे सांधा गळतो तिथून गटाराचं पाणी आत खेचलं जातं. पहिली दहा मिनिटं पाणी गढूळ आणि वासाचं येत असेल तर आधी हीच शंका घ्या.

टँकर बहुधा विहिरीवर किंवा बोअरवर भरतो. खाडीलगत जास्त उपसा झाला की गोड्या पाण्यात खारं शिरतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बुडवा: लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं; २,००० च्या वर पिण्याला बाद. मीटर क्षार दाखवतो, जंतू नाही. त्यासाठी दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता. तासाभराने नळाच्या पाण्यात क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम दिसायला हवा. दमट पावडर ओतून उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो.

प्रश्न: तळमजल्याला पावसाळ्यात पाणी शिरतं. भराव घालून अंगण उंच करू का?

तुमचं पाणी शेजाऱ्याकडे जाईल, एवढंच. इथली जमीन सखल, एका अंगाला वसईची खाडी आणि दुसऱ्या अंगाला वैतरणा. मोठ्या भरतीला नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पावसाचं पाणी ओहोटी लागेपर्यंत आतच थांबतं. पूर्वी ते मिठागरं, शेतं आणि वाड्यांमधल्या बावखलांत, म्हणजे जुन्या तळ्यांत, मुरायचं. तिथे भराव पडला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले आणि मिठागराच्या वस्तीत माणसं अडकली, ते यामुळेच.

सोसायटीच्या हातातलं आधी करा. भूमिगत टाकीचं झाकण सर्वांत वरच्या पूररेषेपेक्षा फूटभर उंच उचला, नाहीतर गटाराचं पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं. मीटर बॉक्स कमरेच्या वर न्या. ड्रेनेजच्या शेवटच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा आणि मे महिन्यात त्याची झडप साफ करा. प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी ती उघडीच राहते. आवारात जुनं बावखल उरलं असेल तर ते बुजवून पार्किंग करू नका, गाळ काढा.