जमिनीवर छान, हवेत बंद: आधी टाकी बघा

तुमच्या मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (प्लगच्या तापलेल्या तारेवर इंधन पेटवणारं) जमिनीवर मस्त चालतं, विमान उलटं उडवलं की आवाज चढतो आणि टाकी निम्मी झाली की लीन होऊन (हवेच्या मानाने इंधन कमी पडून) बंद पडतं. निडल (इंधन कमी-जास्त करणारी सुई), प्लग, इंधन, तिन्ही एकदम बदलूनही फरक नाही. यावरून मला दोष इंजिनात वाटत नाही. कंट्रोल लाइनमध्ये, म्हणजे तारांनी धरून स्वतःभोवती गोल उडवायच्या विमानांत, अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा टाकीत किंवा नळीत सापडतं.

60 फुटी तारांवर सव्वापाच सेकंदांची फेरी धरा. विमानातली प्रत्येक वस्तू वर्तुळाच्या बाहेर ओढली जाते आणि ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पटींहून जास्त असते. त्यामुळे उडताना इंधन मुख्यतः टाकीच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असतं. पिकअप नळीचं (टाकीतून इंजिनाकडे इंधन नेणाऱ्या नळीचं) टोक बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यातच हवं. साध्या व्हेंटच्या (हवा आत सोडणाऱ्या नळीच्या) टाकीत इंधन संपत जातं तशी त्याची पातळी स्प्रेबारपासून (इंजिनात इंधन सोडणाऱ्या नळीपासून) लांब सरकते, दाब घटतो आणि इंजिन हळूहळू लीन होतं. यावर युनिफ्लो टाकी हा चांगला उपाय. तिच्यात हवा आत सोडणाऱ्या नळीचं टोक पिकअपच्या जवळच असतं, म्हणून दाब जवळपास शेवटपर्यंत सारखा राहतो. तुमची टाकी युनिफ्लो असेल तर भरून झाल्यावर दुसऱ्या व्हेंटला टोपी लावता ना? ती राहिली, की युनिफ्लोचा फायदाच जातो.

उलट्या फेरीत आवाज चढतो, म्हणजे स्प्रेबारच्या मानाने टाकी उंच बसली आहे. विमान सुलटं ठेवून ती खाली घ्या, एका वेळी दीड मिलिमीटर पुरे. सुलट्या फेरीत जोर जास्त असता, तर ती वर घ्यायला सांगितलं असतं. दोन्हीकडचे फेरीचे सेकंद जुळेपर्यंत निडलला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

त्याआधी गळती मात्र तपासाच. टाकी काढा, एक नळी सोडून बाकीची तोंडं बंद करा, पाण्यात बुडवून हळूच फुंका. झाळलेल्या सांध्यातून एकेक बुडबुडा येत असेल तर दुसरीकडे शोधायची गरजच नाही. इंधनाची नळी वाकवून बघा, टाचणीएवढी चीरही वाकवल्यावर दिसते. निडलच्या आट्यांतून हवा ओढली जाते अशी शंका असेल तर तिथे सिलिकॉन नळीचा घट्ट बसणारा तुकडा चढवा. फिल्टर असेल तर त्याचे सांधेही आवळा.

बंद पडण्याआधीचा आवाज नीट ऐका. वेग चढून मग बंद पडलं तर इंधन कमी पडतंय. वेग आधी मंदावला, इंजिन दमल्यासारखं झालं आणि मग थांबलं तर ते तापतंय: तेल कमी, प्रोपेलर जड किंवा रिंग नसलेल्या नव्या लोखंडी पिस्टनचं ब्रेक-इन (सुरुवातीला जपून चालवून रुळवणं) अपुरं. जुन्या धाटणीच्या इंजिनांना भरपूर एरंडेल असलेलं इंधनच लागतं, आधुनिक आरसी (रेडिओ कंट्रोल) इंजिनांचं कमी तेलाचं इंधन त्यात घालू नका. हेडचे आणि बॅकप्लेटचे स्क्रू एकदा आवळून घ्या.

आणि जमिनीवर निडल थोडी रिच (इंधन जरा जास्त) ठेवूनच सोडा. हवेत प्रोपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि इंजिन आपोआप लीनकडे जातं. जमिनीवर कडक सूर लावून सोडलेलं इंजिन लूपमध्ये हमखास दगा देतं.

टाकी खाली घेतल्यावर सुलट्या आणि उलट्या फेरीचे सेकंद कळवा, पुढचं त्यावरून ठरवू.