बार डोमेनपासून सुरुवात कर

पेशीपटल कसं वाकतं हे समजायला आधी पाठ्यपुस्तकातली सगळी प्रथिनं पाठ करू नकोस. एकच घे: अँफिफायसिन या प्रथिनाचं बार डोमेन, म्हणजे त्याचा पटल वाकवणारा, स्वतंत्र घडीचा भाग. फळमाशीतल्या या डोमेनची रचना २००४ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाली. ती संगणकाच्या पडद्यावर उघड आणि हाताने फिरवून बघ, अगदी तासभर. दोन रेणू एकमेकांत गुंतून केळ्यासारखा बाक तयार होतो. आता विद्युतभाराचे रंग लाव. आतल्या, खोलगट बाजूला लायसिन-आर्जिनिन या अमिनो आम्लांचा धनभार दाटलेला दिसेल. पटलातले फॉस्फॅटिडिलसेरीनसारखे ऋणभारित लिपिड तिथेच ओढले जातात आणि पटल त्या बाकावर बसतं. मला तर हे आजही बघत राहावंसं वाटतं.

पण नुसता बाक पुरत नाही, इथेच नवखे चुकतात. अँफिफायसिनच्या टोकाची हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखा पिळदार तुकडा, पटलाच्या दोन थरांपैकी एकाच थरात पाचरीसारखी शिरते, त्यानेही वाक येतो. शिवाय प्रथिनांची नुसती दाटी झाली तरी पटल वाकू शकतं. म्हणून प्रयोगात लिपोसोमच्या, म्हणजे लिपिडच्या कृत्रिम पोकळ गोळ्यांच्या, नळ्या झालेल्या दिसल्या की लगेच हे बाकामुळेच झालं असा निष्कर्ष काढू नकोस. प्रथिनाचं प्रमाण कमी करून बघ, धनभारित अमिनो आम्लं बदलून बघ. आय-बार हे याच कुटुंबातलं डोमेन मात्र नंतर वाच, त्याचा बाक उलटा असतो.