वाचकांचे प्रश्न : गाऊन घालून पाण्यात

प्रश्न : चर्चमधलं लग्न नुकतंच पार पडलं. आता त्याच पांढऱ्या गाऊनमध्ये समुद्रावर संध्याकाळचे फोटो काढायचे आहेत. फोटोग्राफर म्हणतो, कमरेपर्यंत पाण्यात उतरा. वेळ कशी ठरवावी, आणि गाऊनची तयारी काय करावी? – एक वाचक, वसई

उत्तर : कमरेपर्यंत उतरू नका. पोटऱ्यांपर्यंत पाणी पुरे, फार तर गुडघ्यापर्यंत. नेटच्या पाच-सहा थरांत आधी हवा कोंडते. घोळ फुग्यासारखा तरंगतो आणि वाटतं, गाऊन हलकाच आहे की! थोड्याच वेळात हवा निघून जाते, थराथरात पाणी भरतं आणि परतणारी लाट तो सगळा भार समुद्राकडे ओढते. पायांत घोळ गुंडाळलेला असला की पोहता येणाऱ्या मुलीलाही उभं राहणं जड जातं. गाऊनची पर्वा न करता फोटो काढायच्या या प्रकाराला ‘ट्रॅश द ड्रेस’ म्हणतात. त्याची सुरुवात २००१च्या सुमारास लास वेगासचे फोटोग्राफर जॉन मायकल कूपर यांनी केली असं मानतात. ऑगस्ट २०१२मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, रॉडन इथल्या नदीत असेच फोटो काढताना गाऊन भिजून जड झाला आणि नवरी बुडाली. त्यामुळे कितीही आग्रह झाला तरी खोली तुम्हीच ठरवा.

वेळेसाठी आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब कामाला येतो : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती असते. ती भांगाची, म्हणजे सौम्य, पण किनाऱ्यावर उभं राहायला जागाच कमी उरते. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून सूर्य मावळताना ओहोटी. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब जातं आणि मागे ओल्या वाळूचा आरसा राहतो. आमच्या मते शूट तेव्हाच करावं. कॅमेरा वाळूला टेकवला की अख्खा गाऊन उलटा दिसतो, पाण्यात जायची गरजही उरत नाही. हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक होते, म्हणून त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. ओहोटी पुरी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत वेगाने चढतं. अंधार पडायच्या आत बाहेर या. जागा आदल्या दिवशी अनवाणी चालून बघा. आपल्याकडे ओहोटीला कुठे कुठे चिखल उघडा पडतो आणि पाय रुततो. जून ते सप्टेंबर समुद्राचं नावच काढू नका.

गाऊनमधून कॅनकॅन (घोळ फुगवणारा आतला कडक परकर) आणि हूप (त्यातली कडी) काढून टाका. ट्रेल, म्हणजे मागे लोळणारा घोळ, उचलायचा मनगटातला फास पाण्यात कधीच अडकवू नका, हात बांधला जातो. वेल (डोक्यावरून सोडलेला जाळीचा पदर) किनाऱ्यावरच ठेवा, भिजला की तोंडावर चिकटतो. पाठीच्या दोरीला सरकगाठ मारा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. पोहता येणारा एक माणूस मोकळ्या हातांनी तुमच्या समुद्राकडच्या बाजूला, चौकटीबाहेर उभा हवा. त्याच्या खिशात कात्री असू द्या.

मीठ त्याच रात्री काढा. गोड्या पाण्याच्या टबात तीनदा बुडवून काढा, पिळू नका. गरम पाणी नको, चिकटवलेले खडे सुटतात. खांद्याला लटकवून वाळवलात तर पाण्याच्या वजनाने टाके उसवतील. चादरीवर आडवा पसरून सावलीत वाळवा. हे सगळं पॉलिएस्टरसाठी. सिल्क किंवा रेयॉन असेल तर पाण्याचे डाग कायमचे राहतात.

आणखी एक. त्याच गाऊनमधून बाळाच्या बाप्तिस्म्याचं झबलं शिवायचा विचार असेल, तर ट्रेलमधलं मीटरभर कापड शूटच्या आधी कापून ठेवा.

प्रश्न : भाड्याच्या गाऊनमध्ये तांबड्या मातीच्या डबक्यात फोटो काढले तर डाग धुऊन निघतील का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : पूर्ण निघणार नाहीत, अनामत रक्कम गेली म्हणून समजा. आपल्या मातीचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा असतो. ब्लीचने तो जात नाही, उलट पक्का बसतो. शूटसाठी जुना, साधा, कमी थरांचा पॉलिएस्टर गाऊन विकत घ्या. चिखलात मोत्यांच्या कामापेक्षा सरळ पडणारा घोळच चांगला दिसतो.

डाग हलका करायचा असेल तर चिखल ओला असताना चोळू नका, बारीक कण विणीत घुसतात. पूर्ण सुकू द्या, झटका, मग उलट्या बाजूने नळाची धार सोडा. साबणाच्या गार पाण्यानंतर लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल घालून पंधरा मिनिटं बुडवा आणि खळबळून धुवा. आधी आतल्या शिवणीवर करून बघा. दोनदा करून फिकट गुलाबी छटा उरली की थांबा, पुढे कापडाचंच नुकसान.

प्रश्न : घोळाच्या टोकाला आग लावून फोटो काढलेले पाहिले. घरी जमेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. नेटच्या थरांत हवा खेळती असते, ज्योत क्षणात वर चढते. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. रंगीत धुराची नळी वापरणार असाल, तरी तिचं तोंड तापतं. हात लांब करून, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला आणि घोळापासून दूर धरा.