जळगावची धावपट्टी, मे महिन्याचे ऊन आणि एटीआर

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरप्रमाणे जळगावला मोठी जेट विमाने का येत नाहीत. मे महिन्यातील दुपारच्या जळगाव-मुंबई उड्डाणात काही जागा रिकाम्या असूनही आपली बॅग ‘वजन जास्त होते’ असे सांगून मागे ठेवली, ते खरे कारण होते की सबब. आणि लोकप्रतिनिधींना निवेदन द्यायचे झाल्यास धावपट्टी लांबवण्याची मागणी करावी काय. आधी बॅगेचे उत्तर देतो, कारण बाकीच्या दोन्हींची उकल त्यातच होते.

विमान उडते ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि तापलेली हवा विरळ असते. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५६ मीटर, म्हणजे ८४० फूट उंचीवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की तेथील हवा जवळपास ४६०० फूट उंचीवरील प्रमाणित हवेइतकी विरळ होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर मेमधील दुपारी दोन वाजता वैमानिक कागदावर जळगावहून नव्हे, तर एखाद्या उंच डोंगरी ठिकाणाहून उड्डाण करत असतो. जानेवारीतील कडाक्याच्या पहाटेशी तुलना केली तर हीच हवा सुमारे एक दशमांशाने पातळ असते. पंखांना तेवढीच उचल मिळवण्यासाठी जमिनीवरचा वेग पाच-सहा टक्क्यांनी वाढवावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनाचा जोरही उष्णतेमुळे उतरलेला असतो. दोन्ही बाजूंनी तूट आल्यामुळे लागणारी धाव वेगापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात वाढते.

धावपट्टी मात्र सुमारे १७०० मीटरच राहते, आणि तीही पूर्णपणे धावण्यासाठी मोजता येत नाही. धावताना एका ठरावीक वेगापर्यंत इंजिन बंद पडले तर विमान उरलेल्या पट्टीत थांबले पाहिजे. त्या वेगानंतर बंद पडले तर उरलेल्या एका इंजिनावर ते उचलले गेले पाहिजे, आणि चाके आत घेतल्यावर किमान २.४ टक्के चढ त्याने राखला पाहिजे. ही दोन्ही गणिते प्रत्येक उड्डाणापूर्वी त्या वेळचे तापमान आणि वारा धरून केली जातात आणि त्यातून कमाल वजन ठरते. इंधनात काटछाट करता येत नाही, कारण मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या किंवा दुसरीकडे उतरावे लागले तर त्याची तरतूद बंधनकारक असते. मग उरतात प्रवासी आणि सामान. आपल्याला दिसलेल्या रिकाम्या जागा बहुधा विकल्याच गेल्या नसाव्यात. उन्हाळ्यात कंपन्या काही आसने मुद्दाम रोखून ठेवतात, आणि त्या दिवशी तेवढ्यानेही भागले नसावे. म्हणून सबब म्हणून हे कारण पुढे केले असेल असे मला वाटत नाही. मात्र बॅग मागे राहिली आहे हे आपल्याला मुंबईला सामानाच्या पट्ट्यासमोर ताटकळल्यावर कळावे, याचे समर्थन कोणतेही गणित करू शकत नाही. ते जळगावातच सांगता आले असते.

आता जेट विमानांबद्दल. नाशिकची ओझर येथील धावपट्टी ३००० मीटर लांब आहे, कारण ती लढाऊ विमाने बांधणाऱ्या कारखान्याची आहे; संभाजीनगरची २८०० मीटरच्या पुढे आहे. एअरबस ए-३२० पूर्ण वजनाने उडायची तर समुद्रसपाटीवर, थंड हवेतही दोन हजार मीटरच्या आसपास पट्टी लागते. जळगावला येणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या विमानाला त्याच परिस्थितीत सुमारे १३०० मीटर पुरतात. म्हणजे जळगावच्या, कुसुंबा येथील पट्टीवर ती हिवाळ्यात ऐसपैस आणि उन्हाळ्यात जेमतेम मावते.

आपल्याकडे ‘पंख्याचे विमान’ म्हणून तिला जरा खालच्या पायरीवर बसवले जाते, ते मला पटत नाही. त्या सहा पात्यांमागे जेट विमानासारखेच टर्बाइन असते. त्याची शक्ती झोत फेकण्याऐवजी पंखा फिरवण्यात खर्च होते, एवढाच फरक. जळगाव ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. एवढ्या पल्ल्यात जेट वर चढून स्थिरावते न स्थिरावते तोच उतरायला लागते, त्यामुळे प्रत्यक्षात फार तर दहा-पंधरा मिनिटे वाचतात आणि इंधन मात्र बरेच जास्त जळते. शिवाय ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचे शुल्क माफ आहे, हाही हिशेब कंपन्या करतात. गैरसोय आहे ती धक्क्यांची. एटीआरची कमाल उंची २५,००० फूट असल्याने ढगांच्या वरून जाणे तिला नेहमी जमत नाही, आणि उन्हाळ्यातील दुपारी सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगा यांमधली तापलेली जमीन हवेला वर ढकलत राहते. शिरपूर आणि धुळ्याची शिकाऊ विमाने पहाटेच अधिक का दिसतात, याचेही एक कारण हेच.

पुढच्या वेळी विमानात चढताना उजव्या बाजूच्या पंख्याकडे पाहा. पंखा स्थिर असेल, पण इंजिनाची घरघर ऐकू येईल. एटीआरला शेपटीत वेगळे छोटे इंजिन नसते, म्हणून उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन चालू ठेवतात आणि त्यावर दिवे व वातानुकूलन चालवतात. प्रवासी मागच्या दाराने चढतात, सामान मात्र पुढे, वैमानिकांच्या कक्षामागे भरले जाते. म्हणून चढउतारीच्या वेळी विमान मागे कलू नये यासाठी शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो. निम्म्या भरलेल्या विमानात हवाई सेविका आपल्याला मोकळ्या जागेवर बसू देत नाहीत, त्यामागेही हाच तोल असतो.

राहिला निवेदनाचा प्रश्न. धावपट्टी वाढली तर हवीच आहे. पण तेवढ्याने जेट येतील ही आशा मी धरणार नाही. या विमानतळाचे उद्घाटन मार्च २०१२ मध्ये झाले आणि नियमित सेवेसाठी डिसेंबर २०१७ उजाडावे लागले. लहान शहरे विमानसेवेने जोडण्याच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनचे १९ आसनी बीचक्राफ्ट आले, ते टिकले नाही, २०१९ मध्ये ट्रूजेटच्या एटीआर आल्या आणि २०२२ मध्ये ती कंपनीच थांबली. २०२४ पासून पुन्हा गोवा, हैदराबाद, पुणे, मुंबई अशी जोडणी झाली. या सर्व काळात धावपट्टी तीच होती. अडचण होती ती कंपन्यांकडे विमाने मोजकी असण्याची, ‘उडान’मधील तूटभरपाई तीनच वर्षे मिळण्याची आणि मुंबईत सोयीची वेळ न मिळण्याची. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि सकाळची एकेक वेळ सोन्याच्या मोलाची असते. लहान विमानाला ती कोण देणार?

निवेदन मी लिहिले असते तर त्यात पहिली मागणी सकाळी नऊच्या आत सुटणाऱ्या मुंबई उड्डाणाची केली असती. त्या वेळी हवा दाट असते, त्यामुळे वजन कापावे लागत नाही आणि कामे उरकून त्याच दिवशी परतता येते. मुंबईत ती वेळ मिळत नसेल तर २०२५ च्या अखेरीस सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळावर ती मागावी. पनवेल-ठाणे भागात जाणाऱ्यांना तो उलट जवळच पडेल. दुसरी मागणी अशी की उन्हाळी वेळापत्रकात दुपारी बारा ते चार या वेळेत जळगावहून सुटणारे उड्डाण ठेवूच नये.

रावेर-यावलची केळी विमानाने पाठवण्याची सोय व्हावी, असेही आपण शेवटी सुचवले आहे. ते निवेदनातून वगळावे. केळी वजनाला जड आणि भावाला हलकी. ती शीतपेटीतून न्हावाशेवामार्गे जहाजाने जातात, तेच परवडते. आणि ज्या विमानातून मेमध्ये आपली एक बॅग उतरवावी लागली, त्यात केळीचे घड कोठे ठेवणार?