एमआरआयवरून गाठीचा स्वभाव कळतो का?

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. वडील ६१ वर्षांचे. शौचातून रक्त जायचं. मूळव्याध समजून दोन महिने घालवले, आता बायोप्सीत गुदाशयाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय, शिवाय बायोप्सीच्या तुकड्यावर ‘आयएचसी’ नावाची आणखी एक तपासणी. पुण्यात आयटीत असलेला चुलतभाऊ म्हणतो, आता ‘रेडिओमिक्स’ने एमआरआयवरूनच गाठीची जनुकं ओळखतात. मग आयएचसीचा खर्च वाचवावा का?

उत्तर : अजिबात नको. चुलतभाऊ खोटं सांगत नाही, पण घाई करतोय.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, तशी बायोप्सी. अडचण एवढीच, की अख्ख्या पोत्यातलं ते एकच हळकुंड. गाठही सगळीकडे सारखी नसते. रेडिओमिक्सचं म्हणणं असं : न मोडता सगळं पोतं बघू. एमआरआयच्या प्रत्येक कापावर, म्हणजे आतल्या एकेका थराच्या चित्रावर, गाठीची कड आखायची, मग संगणक तिचा आकार, उजळपणा, पोत यांचे शेकडो आकडे काढतो आणि त्यांवरून जनुकीय बिघाडाचा अंदाज बांधतो. कल्पना मलाही आवडते. पण सीटीला असतं तसं एमआरआयच्या उजळपणाला ठरलेलं माप नाही. मशीन बदललं, सेटिंग बदललं की आकडे बदलतात. कड मी आखली आणि शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांनी आखली, तरी फरक पडतो. एका हॉस्पिटलात जमलेलं गणित दुसरीकडे फसतं ते यामुळेच. संशोधनाला ठीक, वडिलांचे उपचार त्यावर ठरवायला नको.

आयएचसी मात्र उपचाराची दिशाच बदलू शकते. तिच्यात डीएनए दुरुस्त करणारी चार प्रथिनं शाबूत आहेत का, ते बघतात. ती नसलेल्या गाठी गुदाशयात थोड्याच. पण न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात अशा १२ रुग्णांना सहा महिने डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारं) औषध दिलं, तेव्हा बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली, ऑपरेशन आणि रेडिएशनशिवाय; हे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. शिवाय हा दोष कधी कधी घराण्यात चालत येतो, म्हणजे प्रश्न तुमचाही आहे.

आता एमआरआय. तो खरा लागतो मोजमापाला. मिरजेत रेडिओलॉजिस्ट म्हणून नवा असताना मी एका रिपोर्टात नुसतं ‘गुदाशयात गाठ आहे’ असं लिहून पाठवलं. सर्जनचा फोन आला : “अहो, गाठ माझ्या बोटालाच लागली होती. पडद्यापासून किती लांब आहे ते सांगा की!” तेव्हापासून पट्टी सोडली नाही. गुदाशयाभोवती चरबी आणि तिच्याबाहेर पातळ पडदा असतो. गाठ त्याच्या १ मिलिमीटरच्या आत पोचली असेल, तर ऑपरेशनमध्ये कापलेली कड गाठीपासून मोकळी मिळेल याची खात्री राहत नाही, म्हणून बहुधा आधी रेडिएशन आणि केमो देऊन ती आकसवतात. रिपोर्टात हे अंतर आणि गाठ शिरांमध्ये शिरली आहे का, एवढं लिहिलंय ना बघा. नसेल तर बिनधास्त विचारा. छातीत पेसमेकर किंवा अंगात जुनी धातूची पट्टी असेल तर वडिलांनी आधीच सांगावं.

आणि आयएचसीसाठी बहुधा पुन्हा दुर्बीण घालावी लागत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून लॅबमध्ये ठेवलेला असतो, त्याच्याच पातळ चकत्या कापतात. तो ठोकळा कुठे आहे, एवढं उद्या फोन करून विचारून ठेवा.